रोकड-गाडीवरील रक्षकांसाठी प्लेट सिरॅमिकची घ्यावी की पॉलिथिलीनची?

पुण्यात रोकड वाहतुकीच्या गाडीवरील रक्षकांसाठी कोणती प्लेट (गोळी अडवण्यासाठी बुलेटप्रूफ जाकिटात घालायची कठीण पाटी) घ्यावी, असे आपण विचारले आहे. पिस्तुलाची गोळी सहसा मऊ जाकीटच अडवते. प्लेट लागते ती रायफलसाठी. पॉलिथिलीनची प्लेट पाण्यावर तरंगेल इतकी हलकी असते, परंतु पोलादी गाभ्याची गोळी तिला भेदू शकते आणि फार उष्णतेने तिची ताकद घटते, त्यामुळे एप्रिल-मेच्या उन्हात ती बंद गाडीत ठेवू नये. सिरॅमिक कठीण गाभाही फोडते, मात्र जड असते व आपटल्यास आतून तडकते (वरच्या कापडावरून ते कळतही नाही). माझा कल तरीही सिरॅमिककडेच आहे. विक्रेत्याकडून आयएस १७०५१:२०१८ या भारतीय मानकानुसार झालेल्या चाचणीचा अहवाल मागावा, आणि प्लेट एकटी पुरते की मऊ जाकिटासहच, हे लेखी घ्यावे.