सेन्सरची उलटतपासणी

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय पोरी,

गणपतीत तू घरी आलीस तेव्हा पाहुण्यांच्या गर्दीत तुझ्या प्रश्नाला नीट उत्तर देता आलं नाही. 'काका, इंजिन कंट्रोलमध्ये काम करायचंय, तर आधी काय शिकू?' एवढंच तू विचारलंस आणि मी 'सी प्रोग्रामिंग शीक' म्हणून मोकळा झालो. ते उत्तर अपुरं होतं. चार दिवस मनात घोळतंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

सी शीकच. पण त्याच्याही आधी सेन्सरवर शंका घ्यायला शीक. ईसीयूच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाच्या, आतल्या कोडचा फार मोठा भाग इंजिन चालवण्यासाठी नसतोच, आपल्याला मिळालेली माहिती खरी आहे का हे तपासण्यासाठी असतो. कॉलेजात हा भाग शेवटच्या तासाला उरकतात. नोकरीत मात्र त्यातच दिवस जातात.

एक्झॉस्टच्या नळीत बसणाऱ्या लॅम्ब्डा सेन्सरचं घे. तुमच्या पुस्तकात असं असेल: मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) असेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास, लीन (हवा जास्त) असेल तर ०.१, आणि ०.४५ ही मधली रेघ. १ किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा, त्या प्रमाणाच्या अलीकडे-पलीकडे ईसीयू इंधन हलवत राहतो. परीक्षेपुरतं हे ठीक आहे. पण हा सेन्सर पेट्रोल मोजतच नाही. तो धुरात उरलेला ऑक्सिजन मोजतो. समज, एका सिलिंडरचा प्लग गेला आणि गाडी मिसिंग मारायला लागली. त्या सिलिंडरमधलं पेट्रोल न जळता बाहेर पडतं, पण त्याच्याबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही बाहेर पडतो. सेन्सर सांगतो, लीन. ईसीयू इंधन वाढवतो. म्हणजे जिथे आधीच पेट्रोल वाया जातंय तिथे आणखी ओतलं जातं, आणि ते सगळं धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, त्याची जाळी वितळेपर्यंत. सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टच्या गॅस्केटला बारीक चीर पडली तरी तोच प्रकार. बाहेरची हवा आत ओढली जाते आणि आकडा 'लीन'कडे सरकतो. सेन्सरने खोटं सांगितलेलं नसतं. त्याला जे विचारलं त्याचंच उत्तर त्याने दिलेलं असतं, आपण ते भलत्याच प्रश्नाचं उत्तर समजून बसतो.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. १९९९ च्या पावसाळ्यात मी नोकरीत नवा होतो. एका प्रोटोटाइप पेट्रोल गाडीच्या चाचणीसाठी आम्ही इकडेच, जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्यावर होतो. सकाळी गाडी काढली की पहिली दहा मिनिटं ती अडखळायची. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आधी गप्प, मग झटका. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन वॉर्म-अपच्या टेबलात, म्हणजे थंड इंजिनाला किती इंधन द्यायचं त्या तक्त्यात, इंधन वाढवत गेलो. तीन दिवस. गाडी सुधारली, मला फार समाधान वाटलं. चौथ्या दिवशी पाऊस उघडला, आणि तीच गाडी सकाळी काळा धूर ओकायला लागली.

आमच्याबरोबर खानापूरचे एक वयस्क वायरमन होते. त्यांनी लॅपटॉपकडे बघितलंही नाही. 'पावसात दिवे लावून चालवत होता काय? काचेवरची वाफ घालवायला ब्लोअर?' एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी इंजिन चालू ठेवून दिवे, ब्लोअर लावायला सांगितलं आणि मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या ब्लॉकला लावली. ०.३ व्होल्ट. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं होतं. ब्लॉक आणि बॉडी जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीच्या बोल्टखाली रंगाचा थर राहून गेला होता.

आता याचा इंजिनाशी संबंध बघ. त्या गाडीत कूलंटच्या तापमानाच्या सेन्सरला एकच वायर होती, परतीचा रस्ता इंजिनच्या लोखंडातून. दिवे-ब्लोअर लावले की अल्टरनेटरचा करंट त्याच खराब जोडातून परत यायचा, ब्लॉक आणि बॉडी यांच्यात व्होल्टेजचा फरक पडायचा आणि तेवढीच चूक सेन्सरच्या आकड्यात मिसळायची. इंजिन आहे त्याहून दहा-एक अंश जास्त तापलंय अशी ईसीयूची समजूत व्हायची, म्हणून गारठ्यात लागणारं जादा इंधन तो लवकर काढून घ्यायचा. दिवे बंद, की सगळं बरोबर. मी तीन दिवस एका रंगाच्या थराचं कॅलिब्रेशन करत होतो. ते टेबल तसंच पुढे गेलं असतं तर उत्पादनातल्या प्रत्येक गाडीत गेलं असतं. हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

आता अशा सेन्सरला दोन वायरी असतात आणि परतीची थेट ईसीयूकडे जाते. सर्किट डायग्राममध्ये ती दुसरी वायर दिसली की ती कुणीतरी ठेच खाऊन टाकलेली आहे हे लक्षात ठेव.

तुला स्वतःला ही उलटतपासणी करून बघायची असेल तर लॅब लागत नाही. गाडीच्या ओबीडी, म्हणजे तपासणीच्या, सॉकेटला लावायचा साधा स्कॅनर घे आणि ओळखीच्या कुणाची तरी मॅप सेन्सर (मॅनिफोल्डचा, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळीचा, दाब मोजणारा) असलेली पेट्रोल गाडी पहाटे, रात्रभर उभी असताना, बघ. किल्ली फिरव, इंजिन चालू करू नकोस. कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळजवळ सारखं दिसायला हवं, कारण रात्रभरात सगळं निवलेलं असतं. दोहोंत वीस अंशांचा फरक असेल तर कुणीतरी एक चुकतोय. मग मॅनिफोल्डचा दाब बघ. इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेइतकाच असायला हवा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे, म्हणजे इथे तुला ९२-९३ किलोपास्कल दिसेल. तीच गाडी चोर्ल्याचा घाट उतरून पणजीला ने, १०० च्या आसपास दिसेल. बेळगावात उभ्या गाडीत १०० दिसला तर सेन्सर बिघडलाय. ईसीयू स्वतःही रोज अशाच तपासण्या करत असतो. या दोन ओळी कळल्या की त्याच्या तर्काची अर्धी रीत कळली.

आपल्या भागाचं हे भाग्य आहे गं. किनारा, घाट, पठार, धो-धो पाऊस आणि उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, सगळं एका दिवसाच्या रस्त्यात. बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचे नियम १ एप्रिल २०२० ला आले तेव्हा डिझेल कारची नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅमवरून ०.०८ वर आली, आणि १ एप्रिल २०२३ पासून ती परीक्षा प्रयोगशाळेतल्या रोलरवर संपत नाही, खऱ्या रस्त्यावर, गाडीला मोजयंत्र बांधून द्यावी लागते. खरा रस्ता कसा वागतो हे तू लहानपणापासून बघितलंयस.

आणि इंधनाचं तर बघच. तुमच्या फडातला ऊस कारखान्यात जातो, जिल्ह्यातल्या डिस्टिलऱ्यांतून इथेनॉल होऊन निघतो आणि निपाणीच्या पंपावर पेट्रोलमध्ये मिसळून परत येतो. शुद्ध पेट्रोलला १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. वीस टक्के मिश्रणाला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेत नुसत्या पेट्रोलपेक्षा आठ-नऊ टक्के जास्त इंधन सोडावं लागतं. लॅम्ब्डा तापलेला असेल तर ईसीयू हे शिकून घेतो, फ्युएल ट्रिम, म्हणजे इंधनाची दुरुस्ती, हळूहळू वर सरकवतो. पण लॅम्ब्डाला काम करायला तीनशे अंशांच्या वर तापावं लागतं. थंड इंजिन सुरू केल्यावर तापेपर्यंत तो मुका असतो आणि आपण लिहिलेल्या टेबलावरच गाडी चालते. त्यात इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता लागते, म्हणून डिसेंबरच्या पहाटे ते जास्त सतावतं. खरी मेख पुढे आहे. ट्रिम नऊ टक्क्यांनी वर गेला, तर इंधन बदललं म्हणून, की इंजेक्टर तुंबला म्हणून, की हवेची नळी कुठे गळते म्हणून? ईसीयूला तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. कुठल्या मर्यादेवर चेक इंजिनचा दिवा लावायचा हे ठरवणाऱ्या माणसाला ऊसही माहीत हवा आणि ऑक्सिजनही. तुझ्या प्रोजेक्टला विषय शोधत होतीस ना? हा घे. एका गाडीची टाकी, तीन पंपांचं पेट्रोल, थंड आणि गरम ट्रिमच्या नोंदी. खर्च फारसा नाही, आणि काम खरं आहे.

शंका घेऊन झाल्यावर निर्णय घ्यावा लागतो, आणि तिथे या कामाची जबाबदारी कळते. आजच्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलला केबल नसते. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात, एकाचं व्होल्टेज बहुधा दुसऱ्याच्या निम्मं ठेवतात, म्हणजे दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर लगेच उघडकीला येतं. दोघांची साक्ष जुळली नाही तर काय करायचं? इंजिन बंद करणं कागदावर सगळ्यात सुरक्षित. पण रात्री दोन वाजता, तवंदी घाटाच्या चढाला, मागून कंटेनर येतोय, गाडीत म्हातारी माणसं आहेत. तिथे इंजिन बंद पडणं सुरक्षित आहे का? म्हणून लिंप-होम असतो: ताकद कमी, पण गाडी कडेला, जमलं तर गावापर्यंत, नेता येईल एवढी. ती 'एवढी' किती, हे पुण्यात किंवा बेंगळुरूत टेबलाशी बसलेलं कुणीतरी ठरवतं. उद्या ते तू असशील. गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सुरक्षेचं मानक, आयएसओ २६२६२, शिकताना तुला धोक्याचे तक्ते भरायला लावतील. प्रत्येक चौकट भरताना तुझ्या माहितीचा एक घाट आणि एक माणूस डोळ्यांसमोर आण.

बाबांच्या ट्रॅक्टरची तुला थोडी लाज वाटते असं बोलण्यात जाणवलं. तसं वाटू देऊ नकोस. त्यावर मायकोचा यांत्रिक डिझेल पंप आहे आणि बाबा नुसत्या आवाजावरून टायमिंग पुढे-मागे झालेलं सांगतात. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ हे धुराचे नियम लागले आणि त्यांच्यात ईसीयू आला. बाबा ज्या भाराला रोज सामोरे जातात तो भार आता कुणालातरी आकड्यांत मांडायचाय. गळीत हंगामात चार दिवस त्यांच्याबरोबर बस. चढावर इंजिन कधी दमतं, धूर कधी येतो, ते कुठल्या गिअरवर जातात, वहीत लिही.

'इंजिन तर संपणारच, मग ईव्हीच शिकू का?' असंही तू विचारलंस. जे आवडेल ते शीक. २०२२ मध्ये इलेक्ट्रिक दुचाकींना आगी लागल्या आणि बॅटरीसाठीचं एआयएस-१५६ हे मानक कडक झालं. तिथेही सेलचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरवर किती विश्वास ठेवायचा हाच प्रश्न आहे.

आधी चांगला मल्टिमीटर घे, लॅपटॉप नंतर बदल. कॅन बसची (गाडीतले संगणक एकमेकांशी बोलतात त्या वायरींची) जोडी मोजायला शीक: बॅटरी सोडवून ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये बहुतेक गाड्यांत ६० ओहम यायला हवेत, कारण बसच्या दोन टोकांना १२०-१२० चे रेझिस्टर समांतर असतात. १२० आले तर एक टोक तुटलंय. मग एक साधा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घेऊन, क्रँकच्या ६० वजा २ दातांच्या (साठांपैकी दोन दात गाळलेल्या) चाकासारखा सिग्नल तयार करून, वेग काढून बघ. ६००० आरपीएमला क्रँकचा एक अंश २८ मायक्रोसेकंदांत निघून जातो. तुझं कोड तेवढ्यात काय काय उरकू शकतं ते बघितलंस की सी कशासाठी शिकायची ते आपोआप कळेल. दुसऱ्याच्या गाडीत रिमॅप (ईसीयूतली टेबलं बदलणं) करून देण्याच्या नादी मात्र लागू नकोस. बाजारात मागणी आहे, पैसाही आहे, पण 'ताकद वाढवताना' अनेकदा तपासण्याच बंद केलेल्या असतात.

भाषेची चिंता करतेस ते मला पटत नाही. मराठी आणि कन्नड तुझ्या तोंडात सारखी बसलीय. पुणे आणि बेंगळुरू ही या कामाची दोन मोठी केंद्रं, आणि आपण त्या रस्त्याच्या मधोमध. टेस्ट ड्रायव्हर आणि वर्कशॉपमधली माणसं आपल्या भाषेत बोलणाऱ्याला जे सांगतात ते रिपोर्टात लिहीत नाहीत. इंग्रजी दोन वर्षांत सुधारेल.

एक अडचण खरी आहे. मुलगी म्हणून तुला टेबलाचं काम देतील, घाटातल्या चाचण्यांना 'तुला कशाला त्रास' म्हणतील. प्रेमानेच म्हणतील. ऐकू नकोस. वर्षातले किती दिवस गाडीत मिळणार हे मुलाखतीतच विचार.

पाऊस संपायच्या आत एका रविवारी ये. सकाळी सहाला निघू, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, खाली साखळीपर्यंत. स्कॅनर मी आणतो. दर पाच किलोमीटरला हवेचा दाब आणि ट्रिम तू लिहायचेस. जाताना दिवे आणि ब्लोअर बंद ठेवू, येताना चालू. ब्लॉक आणि निगेटिव्हमध्ये किती व्होल्ट येतात ते दोन्ही वेळा मोजू.

आई-बाबांना नमस्कार सांग.

तुझा,
काका