तुमचे प्रश्न : स्पिन, लूप आणि खिशातला शेंगदाणा

प्रश्न : ताई, मी नंदुरबारचा. पायलट ट्रेनिंग चालू आहे, ४५ तास झालेत. स्टॉल शिकवला पण स्पिन नुसता फळ्यावर. घरचे म्हणतात, कमर्शियल लायसन्सला २०० तास लागतात ते पूर्ण कर, वेगळे पैसे घालून कसरती कशाला? तुम्ही ॲरोबॅटिक्स केलंय, म्हणून विचारतो, खरंच उपयोग होतो का?

उत्तर : होतो भाऊ, पण तुला वाटतोय तिथे नाही.

आधी स्पिन म्हणजे काय ते बघू. पंख हवेला १५-१६ अंशांपेक्षा जास्त तिरका झाला की वरून वाहणारी हवा त्याला सोडते, तो स्टॉल, हे तुला माहितीये. पण त्या क्षणी विमानाचं नाक एका बाजूला सरकत असेल तर एक पंख दुसऱ्यापेक्षा जास्त स्टॉल होतो. बैलगाडीचं एक चाक चिखलात रुतलं की गाडी त्या अंगाला वळते ना, तसंच, फक्त गाडी वळून थांबते आणि विमान त्या पंखाभोवती फिरत फिरत खाली जात राहतं. आणि गंमत म्हणजे स्पीडचा काटा खालीच अडकलेला असतो. काटा भराभर चढत असेल तर तो स्पिन नाहीच, स्पायरल आहे, म्हणजे विमान स्टॉल न होता वेग घेत गोल गोल खाली जातंय, त्याचा इलाज वेगळा.

मी शिकले अमेरिकेत, ॲरिझोनात. जूनमधलं तिथलं ऊन म्हणजे आपलं अमळनेरच, त्यामुळे त्याचं काही वाटलं नाही. विमान सुपर डेकॅथलॉन, एकामागे एक दोन सीट, मी पुढे आणि मागे सत्तरीतले इन्स्ट्रक्टर. जमिनीपासून पाच हजार फुटांवर थ्रॉटल, म्हणजे इंजिनची पॉवर, बंद केला, नाक वर, अजून वर, विमान थरथरायला लागलं तसे ते म्हणाले डावा पाय पूर्ण दाब, मी रडरचं पेडल दाबलं (रडर म्हणजे शेपटीची उभी फळी, ती पायानं वळते), आणि माय वं! समोरच्या काचेत आभाळ नाहीच, नुसती भुरकट जमीन, ती पण जात्यासारखी गरगर फिरतेय. मी काय केलं असेल? स्टिक, म्हणजे हातातला दांडा, पोटाशी ओढली आणि उजवीकडे वळवली. कुणीही हेच करेल, आणि दोन्ही चूक. ओढलं की स्टॉल सुटतच नाही. उजवीकडे वळवलं की आतल्या, म्हणजे डाव्या पंखाचा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती फळी) खाली जातो आणि तो आधीच मेलेला पंख आणखी तिरका होतो. मागून शांत आवाज आला, "हात सोड." मग बाकीचं त्यांनीच केलं.

खाली आल्यावर इंजिन बंद, विमान हँगरात, आणि मला आत बसवून हातपाय हलवत तीस वेळा म्हणायला लावलं. मी ते मराठीतच पाठ केलं, कारण घाबरल्यावर मला इंग्रजी सुचत नाही : पॉवर बंद, एलेरॉन मधे, उलटा पाय पूर्ण, स्टिक पुढे. फिरणं थांबलं की पाय सरळ, मग सावकाश ओढ. ऐकायला सोपं आहे पण जमीन अंगावर येत असताना स्टिक जमिनीकडेच ढकलायची, हे हाताला पटायला मला चार स्पिन लागले. आणि फिरतोय कुठल्या बाजूला हेच कळेना झालं तर टर्न कोऑर्डिनेटर, म्हणजे वळण दाखवणारं घड्याळ, त्यातलं छोटं विमान बघ, खालच्या गोळीवर विश्वास ठेवू नको.

उलट्या पायाचा हा शोध पण असाच धडपडीत लागलाय. २५ ऑगस्ट १९१२ ला विल्फ्रेड पार्क नावाचा ब्रिटिश नौदलातला लेफ्टनंट स्पिनमध्ये सापडला, आधी सगळं चुकीचंच केलं, शेवटी उलटा रडर दिला आणि जमिनीजवळ येता येता सुटला, आणि वाचला म्हणून काय केलं ते सांगू शकला.

आता तुझ्या घरच्यांचा मुद्दा. अमेरिकेत प्रायव्हेट लायसन्ससाठी स्पिनची सक्ती १९४९ मध्येच काढली, तिथे ती आता फक्त इन्स्ट्रक्टर होणाऱ्यांना आहे. कारण जीव जातात ते उंचावर नाही, बऱ्याचदा उतरण्याआधीच्या शेवटच्या वळणावर, पाचसातशे फुटांवर. सेसना १५२ या छोट्या ट्रेनिंग विमानाला एक फेरा आणि सुटका यातच साधारण हजार फूट लागतात. म्हणजे तिथे तुझं पाठांतर काही कामाचं नाही. मग पैसे कशाला? सांगते. परत आल्यावर खानदेशातल्याच एका धावपट्टीवर उतरताना मागून वारा होता, वळता वळता विमान धावपट्टीच्या रेषेपुढे निघून गेलं, आणि बँक, म्हणजे पंखांचा कल, न वाढवता नाक लवकर आत यावं म्हणून माझा पाय आपोआप आतला रडर दाबायला लागला, त्याच वेळी बूड सीटवर बाहेरच्या अंगाला सरकल्यासारखं वाटलं आणि ते मी ओळखलं. हा तोच स्पिनच्या आधीचा क्षण होता. पाय काढला, नाक खाली, पॉवर, आणि गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर. उंचावर केलेल्या बारा स्पिनचे पैसे तिथे वसूल झाले.

पण एकट्यानं करून बघू नको, आणि विमानाच्या मॅन्युअलमध्ये परवानगी बघ. सेसना १७२ ला स्पिन युटिलिटी कॅटेगरीतच, म्हणजे कमी वजनाच्या मर्यादेतच चालतो, मागे माणसं बसवून नाही. आणि मे महिन्यात दुपारी तर नाहीच. धुळं समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरवर, पण ४४ डिग्रीला विमानाला ते साडेचार हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं, चढता चढता इंजिन रडतं. सकाळी सहाला जा.

प्रश्न : लूपमध्ये उलटं असताना माणूस पडत का नाही? (नववीतला विद्यार्थी, धुळे)

उत्तर : लूप म्हणजे विमानानं हवेत मारलेला उभा गोल. पाण्याची बादली जोरात गोल फिरवली की पाणी सांडत नाही, तेच. वर उलटे असताना पण तू सीटलाच टेकलेला असतोस, आणि खाली येऊन ओढताना चार जी, म्हणजे वजनाच्या चौपट जोर, लागला तर ६० किलोचा माणूस २४० किलोचा होतो, पाय आणि पोट आवळून धरलं नाही तर नजरेसमोर राखाडी पडदा येतो. पहिला लूप १९१३ मध्ये कीव्हला प्योत्र नेस्तेरोव यांनी मारला, आणि बक्षीस काय, तर सरकारी विमान धोक्यात घातलं म्हणून दहा दिवसांची अटक! नंतर बढती दिली म्हणा.

लूपमध्ये नाही पण नाक झपकन खाली ढकललं की मात्र सगळं तरंगतं. मी खिसे रिकामे केले होते असं मला वाटत होतं, आणि डोळ्यांसमोर घरून आणलेला एक भाजका शेंगदाणा सावकाश वर निघाला. मला हसू आलं, इन्स्ट्रक्टरना नाही आलं. तो कंट्रोलच्या सांध्यात अडकला असता तर? उतरल्यावर टॉर्च घेऊन अर्धा तास शोधायला लावला, सीटच्या रुळाखाली सापडला.

प्रश्न : मुलगा ॲरोबॅटिक्स शिकायला निघालाय. मला जीवाची भीती आहेच, पण त्याला एस.टी.त पण उलटी होते हो. (एक आई, चोपडा)

उत्तर : ताई, पॅराशूट असतं, उंची भरपूर असते, मागे जाणता माणूस असतो, तेवढं इन्स्ट्रक्टरकडून नीट विचारून घ्या. उलटीचं म्हणाल तर उपाशी पाठवू नका आणि शेवभाजी खाऊन पण नको, एखादं केळं पुरे. सुरुवातीला वीस मिनिटांवर नको म्हणावं. आणि पिशवी हाताशी ठेवायला सांगा, मी तिसऱ्या दिवशी वापरली होती.