दिवाळीच्या भेटीसाठी चिनी मातीच्या जुन्या बरण्या

दिवाळीला भेट म्हणून जुन्या बरणीत किंवा कपात सक्युलंट (पानांत पाणी साठवणारे रोप) लावून देता येते. त्यासाठी जुन्या बाजारातून बरणी किंवा कप घेताना टिचकी मारून पाहावी; खणखणीत नादाऐवजी बद्द आवाज आला, तर तडा आहे असे समजून ते भांडे परत ठेवावे. खरे कौशल्य पाणी निचरण्यासाठी तळाला छिद्र पाडण्यात आहे: टाइल्ससाठी मिळणारे हिऱ्याच्या धारेचे बिट लावून, ड्रिलचा हॅमर (ठोके देण्याची सोय) बंद ठेवून, तळावर थोडे थोडे पाणी सोडत आणि अजिबात जोर न लावता, कमी वेगाने ते पूर्ण करावे. पाण्यापासून यंत्र मात्र जपावे. आपल्या मराठवाड्याची काळी माती कृपया भरू नका. ती ओल धरून ठेवते, आणि माझी पहिली सक्युलंट त्यामुळेच मुळाशी कुजली. भरायच्या मिश्रणात निम्मी जाड वाळू वा बारीक मुरूम घ्यावा. लागवड दसऱ्यालाच करावी, म्हणजे दिवाळीपर्यंत रोप मूळ धरू लागते.