दोन महिने झाले, लेथला हात लावू देत नाहीत

आयटीआयचे निकाल लागले की नागपूरजवळच्या हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीच्या गेटांवर नवी पोरं दिसायला लागतात. ड्रेसची घडी मोडलेली नसते आणि सेफ्टी बूट चालताना करकरतात. त्यानंतर दोनेक महिन्यांनी मला प्रश्न यायला लागतात. मी मूळचा टर्नर, म्हणजे लेथवर लोखंड फिरवून कापणारा. आधी ॲप्रेंटिस होतो, मग ऑपरेटर, मग फोरमन झालो आणि आता पोरांना शिकवतो. या खेपेला आलेल्या प्रश्नांपैकी काही घेतो, आधी प्रश्न आणि खाली माझं उत्तर.

बुटीबोरीतल्या एका कारखान्यात टर्नर म्हणून लागून दोन महिने झाले. चहा आणतो, लेथखालच्या चिप्स झाडतो, ट्रॉली ढकलतो. उस्तादला विचारलं की म्हणतो, ‘पाहात राह्य.’ दोन महिने पाहूनच राह्यलो. लेथ कधी भेटेल?

चहाचं आधी. एका फेरीत सगळ्यांचा चहा आणणं यात कमीपणा नाही, पण दिवसातून चार वेळा तुलाच पाठवत असतील तर बाकीच्या पोरांशी पाळी लावून घे. कोणी नाही म्हणत नाही.

आता झाडण्याचं. तू नुसतं झाडतोस की बघतोस? माइल्ड स्टीलची चिप लांब वेटोळं घेऊन येते, कास्ट आयर्नचा चुरा पडतो. एचएसएसच्या (हाय स्पीड स्टीलच्या) टूलखाली निळी चिप दिसली तर समज, टूल जळायच्या वाटेवर आहे. स्पीड जास्त आहे किंवा कुलंट नीट पडत नाही. जास्त उष्णता सोसणाऱ्या कार्बाइडच्या टूलवर तीच निळी चिप आली तर काम बरं चाललं आहे. कालपर्यंत छान वळून येणारी चिप आज तुटक आणि खरबरीत यायला लागली तर टूलची धार गेली असेल. हे उस्तादच्या आधी तुझ्या लक्षात आलं आणि तू हळूच सांगितलंस, की तुझं दोन महिन्यांचं झाडणं वसूल. फक्त वेटोळं हाताने ओढायचं नाही. हुक घ्यायचा, ब्रश घ्यायचा. आणि फिरत्या लेथपाशी हातमोजे नकोत. मोजा अडकला की हातही त्याच्याबरोबर जातो.

तरी दोन महिने पुष्कळ झाले, हे मला मान्य आहे. पण ‘लेथ द्या’ म्हणू नकोस. लेथवर उस्तादचं प्रॉडक्शन चाललेलं असतं, तुझ्या हातात दिली की त्याचे नग कमी भरतात आणि सुपरवायझर त्यालाच बोलतो. ‘झालेला जॉब (लेथवर घडवलेला नग) मला मोजू द्या’ म्हण. यात त्याचं काही जात नाही. मायक्रोमीटर घे, आधी झिरो बघ, जॉब पुसून घे. मग थिंबल (फिरवायची जाड नळी) पिळू नकोस, तिच्या मागचं छोटं रॅचेट फिरव आणि दोन-तीन टिकटिक झाली की थांब. नवीन पोरं मायक्रोमीटर पान्यासारखा आवळतात आणि उस्तादला तिथेच कळतं की याला अजून वेळ आहे. तुझं रीडिंग कागदावर लिही आणि मगच त्याचं विचार. व्हर्नियर ०.०२ मिमीपर्यंत मोजतो, मायक्रोमीटर ०.०१ मिमीपर्यंत. आठवडाभर दोघांचे आकडे जुळले की एक दिवस तोच म्हणेल, ‘ये बे, फेसिंग मार’, म्हणजे जॉबचं तोंड सपाट कर. मी हे इतक्यांदा पाहिलंय की यावर पैज लावायला तयार आहे.

विचारायची वेळही असते. तो कट लावत असताना मागून ‘हे काऊन असं?’ म्हटलंस तर शिवीच मिळेल. तोच माणूस टर्री पोह्याच्या ठेल्यावर दहा मिनिटं बोटांनी हवेत टूलचा अँगल काढून दाखवतो.

आणि चौथा महिना उलटूनही ट्रॉलीच हातात असली तर करार काढ. तुला ट्रेड शिकवायला घेतलं आहे, हमालीला नाही. आधी कंपनीच्या ट्रेनिंग ऑफिसरशी बोल. त्याने ऐकलं नाही तर तुमच्या भागातल्या बीटीआरआयमध्ये, म्हणजे ॲप्रेंटिसचं काम बघणाऱ्या सरकारी केंद्रात जा. वाद ऐकण्याचं काम कायद्याने शिकाऊ उमेदवारी सल्लागाराचं आहे.

फिटर, हिंगणा एमआयडीसी. करारावर ७,००० लिहिलंय, खात्यात ५,५०० आले. एचआरला विचारलं तर ‘बाकीचे सरकार देते’ म्हणतात. खरं आहे का? शिवाय रोज दोन तास जास्त थांबवून घेतात.

पहिलं बहुधा खरं आहे. केंद्राच्या नॅशनल अप्रेंटिसशिप प्रमोशन स्कीममध्ये, जी २०१६ साली सुरू झाली, सरकार स्टायपेंडचा पाव हिस्सा देतं, महिन्याला जास्तीत जास्त १,५००. पूर्वी हे पैसे कंपनीला परत मिळायचे, आता थेट उमेदवाराच्या खात्यात येतात. ७,००० चा पाव हिस्सा १,७५० होतो, पण मर्यादा १,५०० ची, म्हणून कंपनी ५,५०० टाकते. हिशेब बरोबर बसतो. उरलेले आले नाहीत तर ॲप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर तुझा करार नोंदलेला आहे का आणि खातं आधारला जोडलेलं आहे का, ते आधी बघ. घोडं बहुतेक वेळा तिथेच अडतं.

२०१९ च्या नियमांत आयटीआयवाल्याला कमीत कमी ७,००० आहेत, दुसऱ्या वर्षी त्यावर १० टक्के वाढ. २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ परिषदेने हे आकडे वाढवायची शिफारस केली, त्यामुळे सही करताना चालू दर बघूनच कर. त्या त्या महिन्याचं स्टायपेंड त्याच्या पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत मिळालं पाहिजे.

दुसरी गोष्ट मात्र चूक आहे. ॲप्रेंटिसला सल्लागाराच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम लावता येत नाही. पैसे देऊनही नाही. शिकण्यासाठी स्वतःहून अर्धा तास थांबलास तर ती वेगळी गोष्ट, पण रोज दोन तास पॅकिंगला उभं करत असतील तर त्याला शिकणं म्हणत नाहीत.

भोकात आटे पाडताना माझ्याकडून टॅप तुटला, जॉबच्या आतच राहिला. घाबरून तो नग पेटीत खाली सरकवून दिला. कुणाला माहीत नाही. चार दिवस झोप नाही.

आज शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सांग. उद्यावर ढकलू नकोस.

आता माझं ऐक. ॲप्रेंटिस होतो, मे महिना होता. शेडवर पत्रे आणि आत भट्टी. नागपुरात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा लोखंडाला हात लावला तरी चटका बसतो. मला गनमेटलच्या (तांब्याच्या मिश्रधातूच्या) बुशी, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळ्या, आतून बोअर करायला दिल्या होत्या. बोअर ४० मिमी, एच-७, म्हणजे ४०.००० ते ४०.०२५. पहिल्यांदा एवढं काम एकट्याला मिळालेलं. मी बोअर करायचो आणि गरम बुश चकमध्ये असतानाच मोजायचो. ४०.०१, ४०.०१. खूश होतो. सकाळी प्लग गेज (भोक तपासायचा मापाचा दांडा) लावला तर दोन बुशींत ‘गो’ बाजूच, म्हणजे जी आत जायलाच हवी ती, जाईना.

तेव्हा मला कळलं नव्हतं, आज फळ्यावर हिशेब मांडून शिकवतो. ४० मिमीच्या गनमेटलचं भोक प्रत्येक अंशाला पाऊण मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) आसपास वाढतं. कापताना बुश तीसेक अंशांनी तापली तर ती २० मायक्रॉनपेक्षा जास्त फुगते. मी फुगलेली मोजली, रात्रभर ती निवली आणि बसली. ४०.०१ ची ३९.९९ झाली.

मी काय केलं? तू केलंस तेच. दोन्ही बुशी पेटीच्या तळाशी टाकल्या. त्या पुढे फिटिंगला गेल्या, एकीत शाफ्ट ठोकून बसवला, तो फिरेना, काढताना शाफ्टही गेला. फोरमनने सगळ्यांसमोर झापलं, ते व्हायचंच होतं. लागलं ते उस्तादचं बोलणं. तो म्हणाला, ‘भोक लहान होतं ना बे? मोठं तर नव्हतं झालं? पुन्हा लेथला लावून एक कट मारला असता तर दहा मिनिटांचं काम होतं.’

चूक दुरुस्त होणारी होती. लपवल्यामुळे ती दुरुस्त करायची वेळ निघून गेली. तुझा टॅपसुद्धा निघू शकतो. स्पार्क इरोजनने, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी, तुटलेला टॅप जाळून काढतात आणि नग वाचतो. पण तो पेटीतून पुढे गेला तर नाही. शिव्या पडतील, त्या ऐकून घे. ॲप्रेंटिसला पडलेल्या शिव्या चहापर्यंत विसरल्या जातात. तीच लपवाछपवी ऑपरेटर झाल्यावर केलीस तर नोकरी जाईल.

मग टॅप का तुटला ते उस्तादला विचार. ड्रिल लहान घेतलं होतं का, टॅप तिरका गेला का, अर्धा फेरा मागे घेऊन चिप तोडली होती का, तेल होतं का. बहुधा या चारांतलं एक निघेल.

कामठीची आहे. मुलगा ॲप्रेंटिस लागला. नातेवाईक म्हणतात, ‘वर्षभर राबवून घेतील न् हाकलून देतील.’ नोकरी लागायची काही हमी असते का?

ताई, हमी नसते. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे, त्यात ॲप्रेंटिस हा कामगार नाही, शिकाऊ आहे असं स्पष्ट म्हटलंय. ज्या आस्थापनेत ३० किंवा जास्त माणसं आहेत तिला ॲप्रेंटिस घ्यावेच लागतात, पण नंतर नोकरीवर ठेवायचं की नाही ते कंपनीच्या धोरणावर आहे. तेव्हा नातेवाईक अर्धे बरोबर आहेत.

उरलेलं अर्धं हे. वर्ष संपल्यावर परीक्षा देऊन जे राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं, ते देशभर चालतं. रेल्वेच्या लेव्हल १ भरतीत रेल्वेतच ॲक्ट ॲप्रेंटिस (या कायद्याखालची उमेदवारी) पूर्ण केलेल्यांना २० टक्के जागा राखीव आहेत. परीक्षा मात्र द्यावीच लागते. म्हणून पोरं रेल्वेच्या अजनी लोको शेडमध्ये किंवा मोतीबाग वर्कशॉपमध्ये नंबर लागावा म्हणून धडपडतात.

माझं मत विचाराल तर मोठ्या नावाच्या मागे फार लागू नका. मोठ्या प्लांटमध्ये पोरगं वर्षभर एकाच स्टेशनवर एकच बोल्ट आवळताना मी पाहिलं आहे. हिंगण्याच्या गल्लीत पंधरा माणसांचं जॉब वर्क करणारं शॉप असतं, तिथे आज शाफ्ट, उद्या गिअरचा ब्लँक, परवा कुणाच्या ट्रॅक्टरचा तुटलेला पार्ट. तिथून निघालेला पोरगा कुठेही उभा राहतो. फक्त करार नोंदवलेला असला पाहिजे. तोंडी ‘ये, शिकवतो’ म्हणणाऱ्याकडे वर्ष गेलं तर हातात काहीच राहत नाही.

मशिनिस्ट आहे, शॉपमध्ये मी एकटीच मुलगी. ‘ताईला ऑफिसात बसवा’ असं हसत हसत म्हणतात. जड जॉब उचलू देत नाहीत, स्वतःच उचलतात. एकजण जरा जास्तच जवळ येऊन शिकवतो.

तीन गोष्टी आहेत आणि त्या वेगवेगळ्या आहेत.

हसण्याला तुझं काम उत्तर देईल. पहिल्यांदा व्हाइस (जॉब धरायचा शिकंजा) डायल गेजने सरळ लावून दाखवलास की निम्मे गप्प होतात, उरलेले तसेही कुणाचंच भलं बोलत नाहीत.

जड जॉब पुरुषांनीही हाताने उचलू नये. पाठ धरलेले कितीतरी जुने मशिनिस्ट मला माहीत आहेत. चेन ब्लॉक (साखळीने वजन उचलायची कप्पी) कुठे आहे, स्लिंग (उचलायचा पट्टा) कशी बांधायची ते शिक आणि सांग, ‘भाऊ, उचलू नका, मी लावते.’ त्यांचीही पाठ वाचेल.

तिसरी गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही. एकदा स्पष्ट शब्दांत सांग, ‘दूर उभं राहून दाखवा.’ थांबला नाही तर तारीख-वेळ लिहून ठेव आणि अंतर्गत समितीकडे लेखी दे. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात ॲप्रेंटिसही धरलेली आहे आणि दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी समिती असावीच लागते. ‘मी तर शिकाऊ, माझं कोण ऐकेल’ हा विचार डोक्यातून काढ.

आणि ओढणी, मोकळी वेणी, बांगड्या, अंगठी मशीनपाशी नको. हे मी मुलांनाही सांगतो, त्यांच्या कड्यांबद्दल आणि गळ्यातल्या साखळ्यांबद्दल.

दुसऱ्या कंपनीत हेल्परला जास्त पैसे देऊन राह्यले. ॲप्रेंटिसशिप सोडू का?

तू कशात अडकला आहेस ते मला माहीत नाही. घरी खरंच निकड असेल तर सल्लागाराकडे रीतसर अर्ज करून करार संपव. न सांगता गायब झालास तर भरपाईचा विषय निघू शकतो. निकड नसेल तर नको सोडू. हेल्परला पुढच्या वर्षीही हेल्परच म्हणतील.

रोजची डायरी लिहायला लावतात. सगळे एकमेकांची उतरवतात. तिचा काही उपयोग असतो का?

कंपनीला द्यायची ती तू कशीही भर, माझा विरोध नाही. पण खिशात मावेल अशी एक स्वतःची ठेव. कोणतं मटेरियल, कोणतं टूल, किती आरपीएम, किती फीड, साइझ काय मागितली होती, काय निघाली, उस्ताद काय म्हणाला. इंटरव्ह्यूला ‘एसएस (स्टेनलेस स्टील) कापताना काय अडचण येते?’ असं विचारतात तेव्हा पाठ केलेलं उत्तर लगेच ओळखू येतं. ‘एसएस ३०४ होतं, टूल एका जागी घासत राहिलं, वरची कातडी कडक झाली, पुढचा कटच घेईना’ असं सांगणारा पोरगा वेगळा बसतो.

लिहायला पेन्सिल वापर. कुलंटचा एक थेंब पडला की शाईचं पान गेलं.