सॉफ्टवेअर खुले झाले, आता कारखान्याने काय करावे?

प्रश्न : डिचोली तालुक्यात आमचा काजू प्रक्रियेचा कारखाना असून तो प्रायव्हेट लिमिटेड कंपनी म्हणून नोंदलेला आहे. खरेदी, साठा, मजुरी आणि हिशेब यांसाठी आम्ही ज्या कंपनीचे सॉफ्टवेअर वापरतो, तिने आपली एंटरप्राइझ आवृत्ती एजीपीएल नावाच्या परवान्याखाली मोफत आणि ओपन सोर्स (कोड कोणालाही पाहता व बदलता येईल असे) केल्याचे कळवले आहे. कंपनी फुकट का देते, उद्या ती हे परत घेईल का, आणि आमचे आकडे व आम्ही करून घेतलेले बदल सर्वांना उघडे होतील का, या शंकांमुळे निर्णय अडला आहे.
— एक वाचक, डिचोली

उत्तर : शेवटची शंका आधी घेतो, कारण तिची धास्ती सर्वांत मोठी आहे. खुला होतो तो प्रोग्रामचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्राम ज्या सूचनांनी लिहिलेला असतो तो मजकूर. आपल्या बागायतदारांची नावे, बीचा खरेदीदर, कामगारांची मजुरी ही माहिती आपल्याच डेटाबेसमध्ये राहते आणि परवान्याचा तिच्याशी काहीही संबंध येत नाही.

बदलांबाबत मात्र एजीपीएल नीट समजून घ्यावा लागतो. कातरणी, सुकवणी आणि साल काढणे या प्रत्येक टप्प्यावर लॉटमागे वजनात किती घट झाली, हे नोंदवणारा तक्ता आपण सॉफ्टवेअरमध्ये बसवून घेतला आहे असे धरू. हा तक्ता कारखान्यातलीच माणसे कामापुरता वापरत असतील, तर त्याचा कोड जगापुढे ठेवण्याचे बंधन नाही. पण हीच बदललेली प्रणाली बाहेरच्या व्यापाऱ्यांना लॉगिन देऊन नेटवर्कवरून वापरू दिली, तर त्या आवृत्तीचा सोर्स कोड त्यांना मिळेल अशी सोय ठेवावी लागते. एजीपीएल ज्यावरून तयार झाला त्या साध्या जीपीएल परवान्यात ही अट नाही. तेव्हाही द्यायचा तो कोड. कोणत्या व्यापाऱ्याला कोणत्या प्रतीचा गर काय भावाने विकला, हे सांगावे लागत नाही.

कंपनी हे परत घेऊ शकते का? जी आवृत्ती एजीपीएलखाली आपल्या हाती आली, तिचे हक्क अटी पाळणाऱ्याकडून काढून घेता येत नाहीत. परवान्याच्या मजकुरातच तसे म्हटले आहे. पुढची आवृत्ती मात्र कोडचे सर्व हक्क स्वतःकडे असलेली कंपनी वेगळ्या परवान्याखाली काढू शकते, आणि अशी उदाहरणे आहेत. हॅशिकॉर्प या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म या आपल्या सॉफ्टवेअरच्या पुढील आवृत्त्यांचा परवाना बदलून तो ओपन सोर्समधून बाहेर काढला. तेव्हा वापरणाऱ्यांनी जुन्या खुल्या कोडवरून ओपनटोफू हा स्वतंत्र प्रकल्प उभा केला. ऑरेकलने २०१० मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स विकत घेतल्यावर सनच्या ओपनऑफिस या पत्रे, तक्ते लिहिण्याच्या खुल्या सॉफ्टवेअरच्या बऱ्याच जाणकारांनी त्याच वर्षी लिबरऑफिस सुरू केले, आणि आज आपल्याकडच्या पुष्कळ संगणकांवर तेच चालते. ओपन सोर्सचे खरे मोल मला इथे दिसते. कंपनीचे मन बदलले, ती विकली गेली किंवा बंद पडली, तरी आपला हिशेब तिच्याबरोबर बुडत नाही. मात्र लिबरऑफिसमागे लोक उभे राहिले म्हणून ते टिकले. ज्या प्रकल्पाची जाण जगात मोजक्याच माणसांना आहे, त्याचा कोड हाती असूनही तो सांभाळणारा मिळेलच असे नाही.

फुकट देण्यामागचे कारणही याच्याशी जोडलेले आहे. काही कंपन्यांचा धंदाच परवान्याच्या विक्रीवर नसून देखभाल, होस्टिंग (सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरवर चालवून देणे) आणि प्रशिक्षण यांवर चालतो. रेड हॅट ही कंपनी याच मार्गाने एवढी वाढली की आयबीएमने २०१९ मध्ये सुमारे ३४ अब्ज डॉलर मोजून ती घेतली. आपल्याकडे मुंबईच्या फ्रापे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे धंद्याचा हिशेब व साठा सांभाळणारे सॉफ्टवेअर जीपीएलखाली खुले आहे आणि कंपनी होस्टिंग व सेवा यांचे पैसे घेते. यात काही वावगे नाही. पण कधी कधी उत्पादनावरचे काम थांबवायचे ठरते आणि जाता जाता कोड खुला केला जातो. या दोहोंतला फरक कंपनीच्या पत्रावरून कळत नाही, तो कोडच्या भांडारात, म्हणजे कोड आणि त्यातले बदल जिथे ठेवले जातात तिथे, पाहावा लागतो. गेल्या काही महिन्यांत बदल होत आहेत का, नोंदवलेल्या चुकांना उत्तरे मिळतात का, कंपनीबाहेरचे कोणी त्यात काम करते का, हे जाणकाराकडून तपासून घ्या. पूर्वी पैसे देऊन मिळणारे सर्व विभाग खरोखरच त्यात आहेत, की मजुरी किंवा रिपोर्टचा भाग मागे ठेवला आहे, हेही पाहा.

माझे मत स्पष्ट आहे : घ्या, पण परवान्याचे वाचलेले पैसे दुसरीकडे वळवू नका. ते प्रणाली सांभाळणाऱ्या माणसावर किंवा संस्थेवर खर्च करा आणि काम लेखी करारावर द्या. लॉग४जे या जगभर वापरल्या जाणाऱ्या खुल्या घटकात डिसेंबर २०२१ मध्ये गंभीर दोष सापडला. दुरुस्ती लगोलग उपलब्ध झाली, पण ज्यांच्याकडे ती बसवणारे कोणी नव्हते त्यांचे सर्व्हर उघडेच राहिले. पूर्वी अपडेटसाठी कंपनीच्या मागे लागता येत होते. आता ती जबाबदारी आपली. बॅकअपची एक प्रत कारखान्याबाहेर ठेवा, आणि पावसाळ्यात वीज जाण्या-येण्याचा खेळ सुरू होण्याआधी ती प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवून चालते का, हे एकदा प्रत्यक्ष पाहून घ्या.

प्रश्न : मी मडगावात काही कंपन्यांचे हिशेब पाहतो. ज्याचा कोड कोणालाही बदलता येतो, असे सॉफ्टवेअर ऑडिट ट्रेलच्या (हिशेबातल्या प्रत्येक बदलाचा माग ठेवण्याच्या) नियमात बसते का?
— एक लेखापाल, मडगाव

उत्तर : बसू शकते. कंपनी (लेखे) नियम, २०१४ मधील तरतुदीनुसार १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक व्यवहाराची आणि प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहिली पाहिजे, आणि ही सोय बंद करता येता कामा नये. लेखापरीक्षकाला त्यावर अहवालात लिहावेही लागते. सॉफ्टवेअर खुले की बंद, असा भेद नियम करत नाही. अडचण वेगळीच आहे. प्रणाली स्वतःच्या सर्व्हरवर आली की डेटाबेसची किल्लीही कंपनीच्या हाती येते, आणि ती ज्याच्याकडे आहे तो स्क्रीनवरून न जाता थेट नोंद बदलू शकतो; त्याचा माग एडिट लॉगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर ठेवत असलेल्या बदलांच्या नोंदीत, उमटेलच असे नाही. म्हणून डेटाबेसचा मुख्य पासवर्ड हिशेब लिहिणाऱ्याकडे नसावा, डेटाबेसच्या पातळीवरही लॉग चालू असावा, आणि कोडमध्ये केलेला प्रत्येक बदल कोणी, कधी व कोणाच्या मंजुरीने केला याची नोंद राहावी. ही शिस्त असेल, तर लॉग कसा लिहिला जातो हे लेखापरीक्षकाला कोड वाचून तपासता येते, आणि बंद सॉफ्टवेअरमध्ये ही सोय क्वचितच मिळते.

प्रश्न : अशा खुल्या झालेल्या सॉफ्टवेअरमध्ये मला काम करायचे आहे. सुरुवात कुठून करावी?
— अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : प्रथम ते सॉफ्टवेअर स्वतःच्या संगणकावर उतरवून एखाद्या दुकानाचा काल्पनिक महिनाभराचा हिशेब त्यात भरून पाहा. जिथे अडाल तिथली चूक पुन्हा घडवून दाखवता येईल इतक्या बारकाईने लिहा आणि प्रकल्पाच्या नोंदवहीत टाका. अशी नीट लिहिलेली नोंद प्रकल्प चालवणाऱ्यांना फार उपयोगी पडते, आणि ती दुरुस्त कशी झाली हे वाचताना कोडची ओळख होते. मराठी आणि कोकणी भाषांतराचे कामही अशा प्रकल्पांत पुष्कळदा रिकामे पडलेले असते. एजीपीएलखालील प्रकल्पात कोड देण्याआधी, त्याचे हक्क कंपनीच्या नावे करणारा करार ती मागते का, हे तेवढे वाचून घ्या.