भ्रमनिराशा नव्हे, भ्रमनिरास. आणि हिरमोडातला हीर

वेंगुर्ल्याहून एका वाचकाने विचारले आहे: नववीतल्या भाचीने एका गाजलेल्या यंग ॲडल्ट फँटसी कादंबरीविषयी वहीत लिहिले, 'पुस्तक वाचून माझी फार भ्रमनिराशा झाली.' हे बरोबर आहे का? आणि तिची आजी म्हणते तसे 'हिरमोड झाला' लेखी भाषेत चालेल का?

'भ्रमनिराशा' चूक. 'भ्रमनिराश' हेही चूक. बातम्यांत, भाषणांत, पुस्तकपरिचयांत हा शब्द सर्रास येतो आणि कोणी हटकत नाही, म्हणून मुलांच्या वह्यांतही तो उतरतो. मूळ शब्द 'भ्रमनिरास', पुल्लिंगी, शेवटी दंत्य स. त्यात आशा नाही आणि निराशाही नाही. निर् + अस्, आणि हा अस् 'असणे'वाला नव्हे. अस्यति म्हणजे 'फेकतो', तो हा. भ्रम उचलून बाहेर टाकणे म्हणजे भ्रमनिरास. शंकानिरसनातले निरसन याच धातूचे. न्यास, विन्यास, समास, अभ्यास, संन्यास यांतही हाच अस् आहे, आणि कादंबरीला हिंदीत म्हणतात तो उपन्यास (उप + नि + अस्) सुद्धा यातूनच आला.

तेव्हा भ्रमनिरास वापरायचा तर आधी भ्रम असायला हवा. मुखपृष्ठावर ड्रॅगन, आत राज्यांचा नकाशा, पानांच्या कडा रंगवलेल्या. वाचकाने युद्धकथा समजून पुस्तक घेतले आणि चारशे पाने प्रेमाचा त्रिकोणच निघाला, तर भ्रमनिरास चपखल बसतो. युद्धकथाच होती पण कच्ची निघाली, जादूचे नियम तिसऱ्या प्रकरणात सांगून नायिका संकटात सापडताच ते गुंडाळून ठेवले, तर तो अपेक्षाभंग. सुरुवात रंगली आणि पुढचे सगळे दुसऱ्या भागासाठी राखून ठेवलेले दिसले, तर विरस. अशा पुस्तकाला 'गाजलेले' म्हणण्याआधीही थोडे थांबावे. वाचकांत आपोआप गाजते ते गाजलेले. प्रकाशनाआधीच ज्याचा डंका पिटला जातो ते गाजवलेले. मराठीने प्रयोजक रूप दिले आहे, ते वापरावे.

आता आजीचा शब्द. तो लेखी भाषेत चालतो, आणि या चौघांत तोच सर्वांत नेमका आहे, कारण त्यात पुस्तकाचा दोष नाही, वाचणाऱ्याचा मोडलेला उत्साह आहे.

हिरमोडातला 'हिर' म्हणजे हृदय, असे सांगणारे बरेच आहेत. ही व्युत्पत्ती टिकत नाही. हृदयाचे प्राकृतात हिअअ होते, त्यातून मराठीत हिय्या येतो ('हिय्या करून पुढे झाला'). या वाटेवर 'ऋ'चा 'इ' होतो आणि 'र' उरत नाही. मग हिरमोडात तो कुठून आला, याचे उत्तर हृदयवाल्यांनी द्यावे. दुसरे मत 'हिरिरी'चे. अर्थ जुळतो, हे मान्य. पण शब्दाचे शेपूट कापून उरलेल्याला मोड जोडण्याची रीत मराठीत दाखवता येत नाही. मोडच्या आधी खरोखर मोडण्याजोगी वस्तू येते. १९१८च्या इन्फ्लुएन्झाला लोकांनी मानमोडी म्हटले, ते मान मोडून पडते म्हणून.

माझ्या मते हा हिर म्हणजे माडाच्या पातीचा हीर. समासात पहिला दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो: तीळ, तिळगूळ, फूल, फुलपाखरू, तसेच हीर, हिरमोड. कोकणात हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. एका चुडताला, म्हणजे माडाच्या झावळीला, साधारण २०० ते २५० पाती असतात आणि प्रत्येक पातीच्या मधोमध एक हीर. पात दुमडून हिराच्या दोन्ही बाजूंनी सुरी ओढली की हिरवा भाग सुटतो आणि हातभर लांबीची काडी उरते, बुडाकडे जाड, टोकाकडे केसासारखी. जाड बुडे एकत्र बांधली की खराटा होतो. ओला हीर वाकतो, वळतो, गाठही घेतो. उन्हात वाळला की ताठ होतो, खराट्याला तसाच लागतो. पार सुकलेला मात्र वाकवला की वाकत नाही, कट्कन तुटतो, आणि तुटलेला सांधता येत नाही. पत्रावळीला टाके घालताना म्हणूनच अर्धवट ओला घ्यावा. सुका घेतला तर दुसऱ्या टाक्याला तुटतो आणि पान फाटते.

आणि मुलांचे भिरभिरे! पातीच्या पट्ट्या एकमेकींत अडकवून चक्र करायचे आणि मधून हीर घालायचा. वाऱ्यावर धावताना चक्र त्या हिरावर फिरते. पट्टी फाटली तर नवी घालता येते, पण हीर मोडला की भिरभिरे फिरायचे थांबते आणि धावणारे पोर जागच्या जागी उभे राहते. हिरमोड या शब्दात जो अर्थ आहे तो पुरेपूर इथे आहे: वारा आहे, चक्र आहे, धावायची हौसही आहे, फक्त जिच्यावर सगळे फिरत होते ती काडी गेली. हृदयाच्या व्युत्पत्तीत यातले काहीच सापडत नाही. कोशात अर्थ 'उत्साहभंग' एवढाच दिला तरी चालेल, पण व्युत्पत्ती ठरवणाऱ्याने आधी माडाखाली जाऊन एक ओली पात आणि एक वाळलेली पात सोलून पाहावी.

वापरताना एक पथ्य. हिरमोड ज्याचा उत्साह होता त्याचाच होतो. 'कादंबरीचा हिरमोड झाला' हे चूक. 'कादंबरीने माझा हिरमोड केला' किंवा 'कादंबरी वाचून माझा हिरमोड झाला' हे बरोबर. आधी उत्साह नसेल तर हा शब्द लागत नाही: न वाचताच कंटाळलेल्याचा हिरमोड होत नाही. भाचीने पूर्वनोंदणी करून, दिवस मोजून ते पुस्तक मिळवले असेल, तर तिने आजीचाच शब्द लिहावा.