आरोळीने जखम भरते का?

प्रश्न: डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाच्या २०१४च्या नियमांवर मी ‘सरदार’ नावाचा क्लास (पात्राचा पेशा) बेततो आहे. तो मंत्राशिवाय, नुसत्या हाकेने साथीदाराचे हिट पॉइंट (मार सोसायची ताकद; शून्यावर आली की पात्र पडतं) वाढवतो. गटातला एक खेळाडू म्हणतो, ओरडून जखमा भरत नाहीत. त्याला काय सांगू? आणि आकडे किती ठेवू?

उत्तर: हिट पॉइंट म्हणजे फक्त रक्तमांस असं धरलं, तर तुमचा मित्र बरोबर आहे. पण मग फायटर या लढवय्या क्लासच्या सेकंड विंड या क्षमतेलाही त्याने हरकत घ्यावी. तिथे बोनस ॲक्शनमध्ये (पाळीतल्या मुख्य ॲक्शनखेरीजच्या झटपट कृतीत) १डी१० (दहा बाजूंचा एक फासा) अधिक फायटरची लेव्हल इतके पॉइंट परत येतात, आणि मंत्राचा पत्ता नसतो. हिट पॉइंटमध्ये नशीब आणि कसबही येतं, हे खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांनी १९७९च्या डंजन मास्टर्स गाइडमध्येच लिहून ठेवलं आहे.

आकड्यांसाठी २००८च्या चौथ्या आवृत्तीतला वॉरलॉर्ड हा क्लास पाहा. त्याच्या शब्दाने साथीदार स्वतःचाच हीलिंग सर्ज (बरं होण्याचा मोजका राखीव साठा) खर्च करी: कमाल हिट पॉइंटच्या पावपट, वर सुरुवातीला १डी६. वॉरलॉर्ड पदरचं थोडंच घाली, बाकीचं समोरच्याच्या गाठीचं बाहेर काढी. तेच उचला. हाक बोनस ॲक्शन, अंतर ३० फूट, शॉर्ट रेस्टमागे (छोट्या विश्रांतीमागे) दोनदा. ऐकणारा आपला एक हिट डाय (एरवी विश्रांतीत पॉइंट परत मिळवायला टाकायचा फासा) टाकतो आणि त्यात स्वतःच्या कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) व सरदाराच्या करिझ्माचा (प्रभावाचा) मॉडिफायर, म्हणजे त्या गुणाची भर, मिळवतो. +२ आणि +३ धरले तर डी१० टाकणाऱ्या फायटरला सरासरी १०.५ मिळतात. पहिल्या पातळीचा स्लॉट (मंत्र टाकायची मोजकी संधी) खर्चून टाकलेला क्युअर वूंड्स हा मंत्र +३वर ७.५ देतो. हाक भारी वाटेल, पण तो डाय पुढच्या विश्रांतीतून वजा झालेला असतो आणि लाँग रेस्टनंतर (मोठ्या विश्रांतीनंतर) निम्मेच डाइस परत येतात. पहिल्या लेव्हलला तर डाय एकच. तो संपल्यावर करिझ्माइतके टेम्पररी (तात्पुरते, वरचे) हिट पॉइंट द्या, नाहीतर सरदार पहिल्याच लढाईनंतर रिकामा.

सगळं हीलिंग मात्र टेम्पररी करू नका. मित्राची समजूत काढायला ही तडजोड हटकून सुचते आणि फसते: ते पॉइंट एकमेकांत मिळवता येत नाहीत, आणि शून्यावर पडलेला त्यांनी शुद्धीवर येत नाही.

खरी अडचण त्या पडलेल्याचीच. बेशुद्धाला ऐकू कसं जाणार? आमच्या मते, सरदाराने शेजारी येऊन पूर्ण ॲक्शन खर्च केली तरच त्याला उठवता यावं. लांबून बोनस ॲक्शनमध्ये उठवता आलं, की हीलिंग वर्ड या मंत्राचाच खेळ होतो: पडा, उठा, पुन्हा पडा, आणि शून्याची भीती उरत नाही.

प्रश्न: नवा क्लास न करता हीलर हे फीट (पात्राने घ्यायची जादा खुबी) पुरेल का?

उत्तर: क्लेरिक (मंत्रांनी बरं करणारा पुरोहित) नसलेल्या गटाला बऱ्यापैकी. हीलर्स किटचा (मलमपट्टीच्या पेटीचा) एक वापर, एक ॲक्शन: १डी६+४, अधिक समोरच्याचे एकूण हिट डाइस. तिसऱ्या लेव्हलला सरासरी १०.५, पण एका माणसाला विश्रांतीमागे एकदाच. पडलेल्याला स्थिर केलं तर १ हिट पॉइंटही मिळतो, आणि त्याला ही मर्यादा नाही. किट ५ सोन्याच्या नाण्यांचं, वापर १०. ते मोजा, बहुतेक टेबलांवर विसरतात. रोग क्लासच्या थीफ (चोर) या शाखेच्या फास्ट हँड्स या क्षमतेमुळे हेच काम बोनस ॲक्शनमध्ये होतं.